राखोलीच्या पंपातली जोडी

माझ्या धंद्यात नवं गिऱ्हाईक पहिल्यांदा दुकानात यायचं तेव्हा त्याच्या हातात बहुधा रुमाल असायचा आणि रुमालात मयत. गाठ सोडून तो काउंटरवर एक काळवंडलेलं, जळक्या तेलाचा वास मारणारं, खुळखुळणारं कडं ठेवायचा आणि म्हणायचा, "अस्संच द्या." गेलेल्या माणसासारखाच हुबेहूब दुसरा माणूस मागण्याचा हा प्रकार. पहिला कशाने गेला याची चौकशी करावी असं त्याला वाटत नसे. ती चौकशी करणं हे माझं काम होतं, म्हणून सिल्वासातल्या कारखान्यांत मला 'पोस्टमॉर्टमवाला' म्हणत. मी गेटमधून आत शिरलो की कोणीतरी आत हाळी द्यायचं, "कोण गेलं रे?"

हे सगळं ऐंशी आणि नव्वदच्या दशकांतलं. बेरिंग विकणाऱ्या वापीच्या एका पेढीने मला दादरा-नगर हवेलीचा मुलूख दिला आणि राहायला सिल्वासाला खोली घेऊन दिली. सरकारने करात सूट दिल्यामुळे तिथे कारखान्यांची दाटी होत होती. धागा कशाशी खातात हे ज्याला ठाऊक नव्हतं त्यानेही धाग्याचा कारखाना काढला होता. जवळजवळ रोज कुठेतरी फीत कापली जायची, कोनशिला बसायची, भाषण व्हायचं. ज्या यंत्रासमोर भाषण होई ते बहुतेक वेळा अजून सुरू झालेलं नसे, आणि सुरू झाल्यावर काही दिवसांत माझा फोन वाजे. या हिशेबाने पाहिलं तर उद्घाटनांवर मी तोंडसुख घेणं कृतघ्नपणाचं ठरेल. माझी मुलं त्या फितींवरच वाढली.

बेरिंग काय असतं ते थोडक्यात सांगतो. वाचकाच्या घरात पंख्यात, मिक्सरमध्ये, सायकलच्या चाकात ते असतंच, फक्त त्याने ते पाहिलेलं नसतं. एकात एक अशी दोन पोलादी कडी आणि त्यांच्या मध्ये गोळ्या. आतलं कडं फिरणाऱ्या शाफ्टवर घट्ट बसतं, बाहेरचं यंत्राच्या अंगात घट्ट बसतं, आणि गोळ्या दोघांमध्ये मध्यस्थी करतात. चांगल्या मध्यस्थाचं अस्तित्व कोणाला जाणवत नाही. जाणवायला लागलं की समजावं, भांडण हाताबाहेर गेलंय.

साधं बेरिंग शाफ्टचं वजन पेलतं. पण पुष्कळ यंत्रांत शाफ्ट नुसता फिरत नाही, तो लांबीच्या दिशेने रेटाही देतो. पंपाचा पंखा पाणी पुढे ढकलतो तेव्हा शाफ्ट मागे सरकू पाहतो. अशा ठिकाणी साधं बेरिंग फार काळ तग धरत नाही. तिथे जे लागतं त्याला अँग्युलर कॉन्टॅक्ट बेरिंग म्हणतात. गिऱ्हाइकाला मी 'तिरपं बेरिंग' म्हणायचो. याच्या बाहेरच्या कड्याची एक बाजू जाड आणि उंच, तर दुसरी पातळ असते. गोळ्या जाड बाजूला तिरप्या टेकतात, दाराला खांदा लावून उभ्या राहिलेल्या माणसासारख्या. त्या बाजूने कितीही रेटा आला तरी त्या हटत नाहीत. मात्र दार उलट्या बाजूला उघडलं तर तोच माणूस तोंडावर आपटतो. म्हणून जिथे रेटा दोन्हीकडून येतो तिथे असली दोन बेरिंगं जोडीने बसवतात, दोघांच्या जाड बाजू एकमेकींना भिडवून, पाठीला पाठ लावून. मग एक इकडचा रेटा झेलतं आणि दुसरं तिकडचा. तिरपेपणा किती हवा हेही ठरवावं लागतं. कोन जास्त घेतला तर रेटा जास्त सोसतं, पण वेग कमी सोसतं. माणसांतही हे पाहायला मिळतं.

निवड करायची तर गिऱ्हाइकाला विचारावं लागतं, भार किती, वेग किती, तापमान किती, आणि किती काळ टिकायला हवं. "भार?" "भरपूर." "वेग?" "जोरात." "किती टिकायला हवं?" "कायमचं." या भरपूर, जोरात आणि कायमचंमधून मला मिलिमीटर काढायचे असत. त्यासाठी मी यंत्राभोवती फिरायचो, मोटरवरची पाटी वाचायचो, पट्टा चाचपायचो, आणि चहा घेता घेता ऑपरेटरला विचारायचो की हे खरोखर कसं चालवता. मालक सांगतो ते यंत्र आणि ऑपरेटर चालवतो ते यंत्र, ही दोन वेगळी यंत्रं असतात. माप दुसऱ्याचं काढायचं असतं.

बेरिंगचं आयुष्य काढण्याचं एक गणित आहे. ते सांगून मी वाचकाला छळणार नाही, पण त्यातली एक गोष्ट मला नेहमी गंमतीची वाटत आली. भार दुप्पट केला तर आयुष्य निम्मं होत नाही, आठवा हिस्सा उरतो. हे ऐकल्यावर प्रत्येक मालक एकच उपाय सुचवायचा, "मग मोठं टाका." लग्नाचा मांडव आणि यंत्राचं बेरिंग, दोन्ही मोठीच हवीत अशी आपल्याकडे समजूत आहे. पण बेरिंग गरजेपेक्षा फार मोठं घेतलं तर गोळ्यांवर पुरेसा भारच येत नाही. मग त्या फिरायच्या सोडून घसरतात, तापतात आणि कामावाचून झिजतात. मोठ्या कचेऱ्यांत नोकरी केलेल्यांना हे वेगळं समजवावं लागत नसे.

आमलीत एका वर्कशॉपवाल्याने माझ्याकडे तिरप्या जोडीतलं एकच बेरिंग मागितलं होतं. मी म्हटलं, काका, ही कारखान्यात मोजूनमापून जुळवलेली जोडी असते, तुम्ही चप्पल एकच विकत घेता का? ते शांतपणे म्हणाले, "घेतली असती. माझी डावी आधी झिजते." त्यांना मी जोडीच विकली, पण वादात ते जिंकले असं माझं आजही मत आहे.

आता राखोलीबद्दल.

राखोलीला दमणगंगेच्या काठाजवळ रमणिकभाईंचा धागा रंगवण्याचा कारखाना होता. रमणिकभाई सुरतेकडचे. अंगावर पांढरा झब्बा, बोलणं हळू, आणि मराठी आपल्याला येतं असा ठाम विश्वास. रंगवण्याची पद्धत अशी. भोकं असलेल्या नळ्यांवर धागा गुंडाळायचा, त्या नळ्या कुकरसारख्या एका मोठ्या बंद भांड्यात उभ्या करायच्या आणि रंगाचं कढत पाणी पंपाने धाग्यातून फिरवायचं. थोडा वेळ पाणी नळीतून बाहेर जातं, मग पंप उलटा फिरतो आणि पाणी बाहेरून आत येतं. असं आलटून पालटून केलं तरच रंग सगळीकडे सारखा बसतो. मध्येच पंप थांबला तर आतला धागा गडद आणि बाहेरचा फिका होतो, आणि असा धागा कोणी घेत नाही.

थोडक्यात, या पंपाच्या शाफ्टला आलटून पालटून दोन्ही दिशांना रेटा बसत होता. पंप कुठल्याशा परदेशी पंपाची देशी नक्कल होता, आणि नक्कल करणाऱ्याने तिरप्या जोडीच्या जागी दोन साधी बेरिंगं शेजारीशेजारी टाकून वेळ मारून नेली होती. ती दर हंगामात जायची. रमणिकभाईंनी मला बोलावलं. मी मापं घेतली, रेटा किती येत असावा याचं गणित केलं, पाण्याची उष्णता धरली आणि त्याच बाहेरच्या मापाची, त्याच जागेत बसणारी, मोठ्या कोनाची तिरपी जोडी सुचवली. पंपाचं अंग कापायला नको, शाफ्ट बदलायला नको. मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटली होती.

जोडी कशी बसवायची हे सांगायला मी मॅनेजरच्या खोलीत गेलो. मॅनेजर म्हणजे वैशंपायनसाहेब, मुंबईच्या गिरण्यांत उमेदीची वर्षं काढून आलेले. इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, आणि नियम लिहिण्याची अनावर आवड. त्यांच्या कारखान्यात भिंत मोकळी सापडत नसे. पिवळ्या रंगात मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत सूचना रंगवलेल्या: पाना जागेवर ठेवा, तेल सांडू नका, शंका असेल तर विचारा. शंका विचारायला मात्र त्यांच्या खोलीबाहेर उभं राहावं लागे. कामगार त्यांना मागे 'भिंतवाले' म्हणत. झेंडावंदनाच्या दिवशी त्यांच्या भाषणात शिस्त हा शब्द इतक्या वेळा येई की शेवटी त्याला काही अर्थच उरत नसे.

मी कागदावर जोडीचं चित्र काढलं, जाड बाजू कुठे भिडवायच्या ते दाखवलं. त्यांनी चित्राकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "सबनीस, आमच्याकडे बेरिंग बसवण्याची पद्धत ठरलेली आहे. माणसाला एकच नियम द्यावा. दोन दिले की तो दोन्ही विसरतो." चित्र त्यांनी टेबलावर वजनाखाली ठेवलं. चहा आला, तो पिऊन मी निघालो.

काही दिवसांत जोडी गेली. रमणिकभाईंचा फोन आला. एखादं बेरिंग जन्मतःच दुबळं असतं असं समजून मी दुसरी जोडी पाठवली. तीही आठवड्याच्या आत ओरडायला लागली, आणि मला राखोलीला बोलावणं आलं.

मी पोचलो तेव्हा रमणिकभाई पंपापाशीच खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "सबनीसभाई, तुमचं महागवालं बेरिंग माझ्या सस्त्या बेरिंगच्या आधी मेलं. आता सांगा, दोघांत हुशार कोण?" मग सूर न बदलता त्यांनी सांगितलं की या पंपाचं काम ज्याच्याकडे आहे त्या फिटरला त्यांनी बजावलंय. आज तुम्ही येऊन याचीच चूक असं म्हणालात, तर त्याने हिशेब घ्यावा आणि खोली सोडावी.

फिटर म्हणजे सुकलाल बोरसे, शिरपूरकडचा खानदेशी माणूस. सामरवरणीला कारखान्याच्या खोल्या होत्या, त्यातली एक त्याला मिळाली होती. बायको आणि दोन मुली होत्या. मुली सिल्वासाच्या मराठी शाळेत जात, आणि वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती. नोकरी गेली की खोली जाणार, खोली गेली की शाळा. पुन्हा गावी जायचं तर तिथे भावांच्या वाट्याला आलेली जमीन होती, त्याच्या वाट्याला नव्हती. हे त्याने रडगाणं म्हणून सांगितलं नाही. पंपाचे बोल्ट सैल करता करता, मी विचारलं म्हणून सांगितलं.

बेरिंग हातोडीने ठोकून बसवणारे फिटर मी ढिगाने पाहिलेत. सुकलाल तसला नव्हता. तो बेरिंग तेलात गरम करून, फुगवून बसवायचा. हात धुवायचा, नव्या मलमलीच्या तुकड्याने शाफ्ट पुसायचा. त्याच्या या थाटामुळे जोडीदारांनी त्याला 'नवरदेव' नाव ठेवलं होतं. त्या दिवशीही मागून एकजण म्हणालाच, "नवरदेवाची दुसरीही माहेरी पळाली." सुकलालने मान वर केली नाही.

वापीच्या माझ्या साहेबांनी निघतानाच मला सल्ला दिला होता, "'चुकीची जोडणी' म्हणून सांगायचं आणि मोकळं व्हायचं." आमच्या धंद्याचा हा लाडका निकाल. बेरिंग चांगलं, निवड चांगली, बसवणारा वाईट. निम्म्या वेळा तो खराही असतो, हीच त्याची सोय.

बोल्ट काढण्यापूर्वी मी पंप थोडा वेळ चालवायला सांगितला होता. लांब पेचकसाचं टोक बेरिंगच्या घरावर टेकवून लाकडी मुठीला कान लावला की आतलं सगळं ऐकू येतं. डॉक्टरांच्या नळीपेक्षा हे स्वस्त असतं आणि रोगी खोटं बोलत नाही. पाणी बाहेर जात होतं तोवर आतून नुसती शांत गुणगुण ऐकू येत होती. पंप उलटा फिरला, पाणी आत यायला लागलं, आणि तेच बेरिंग खडी भरलेल्या डब्यासारखं खडखडू लागलं. पुन्हा सुलटा फिरला, पुन्हा गप्प. जे बेरिंग झिजलं असेल ते दोन्हीकडे ओरडतं. हे एकाच दिशेला ओरडत होतं. म्हणजे त्या दिशेचा रेटा झेलायला आत कोणी नव्हतंच.

उघडल्यावर पाहिलं तर दोन्ही बेरिंगांच्या एकाच बाजूच्या, पातळ बाजूच्या कडा खाल्लेल्या. मला अंदाज आला होता, पण अंदाजावर एखाद्याची खोली जाऊ नये. मी सुकलालला म्हटलं, तिसरी जोडी माझ्यासमोर बसव, नेहमी बसवतोस तशीच.

त्याने हात धुतले. तेल तापवलं, बेरिंगं त्यात बुडवली, शाफ्ट पुसला. चिमट्याने पहिलं उचललं, फिरवून त्यावर कोरलेलं नाव स्वतःकडे केलं आणि अलगद शाफ्टवर सरकवलं. दुसरं उचललं. त्याचंही नाव स्वतःकडे केलं.

"थांब," मी म्हटलं. "दोन्हींची नावं तुझ्याकडे का?"

तो माझ्याकडे असं पाहू लागला की जणू मी विचारलं होतं, भाकरी तोंडानेच का खातोस. मग त्याने हनुवटीने समोरच्या भिंतीकडे दाखवलं. पिवळ्या रंगात, तिन्ही भाषांत: बेरिंग बसवताना नाव समोर.

"साहेबांचा नियम आहे ना, भाऊ," तो म्हणाला. "आपल्या कारखान्यात एकही बेरिंग उलटं सापडायचं नाही. पाहून घ्या."

नियम वाईट नव्हता, हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. बेरिंगच्या अंगावर त्याचा क्रमांक कोरलेला असतो. नाव समोर असलं की पुढच्या माणसाला ते न काढता वाचता येतं आणि बरोबर तसंच मागवता येतं. साध्या बेरिंगच्या दोन्ही बाजू सारख्याच, तेव्हा कोणतीही समोर केली तरी बिघडत नाही. या नियमामुळे त्या कारखान्याचे कितीतरी तास वाचले असतील. पण आमच्या या मालात नाव जाड बाजूला कोरलेलं होतं. दोन्ही नावं समोर म्हणजे दोन्ही जाड बाजू एकाच दिशेला, दोघेही एकाच दाराला खांदा लावून उभे, आणि मागचं दार सताड उघडं.

मी रमणिकभाईंना आणि वैशंपायनसाहेबांना बोलावलं. व्याख्यान न देता बरोबर आणलेली आणखी दोन नवी बेरिंगं रमणिकभाईंच्या हातात दिली. आधी नावं एकाच बाजूला ठेवून आतलं कडं अंगठ्याने दाबायला सांगितलं. एका बाजूने ते ठाम राहिलं, दुसऱ्या बाजूने दाबताच सैल खुळखुळलं. मग पाठीला पाठ लावून दिली आणि म्हटलं, आता दाबा. त्यांनी दोन्हीकडून दाबून पाहिलं. पुन्हा पाहिलं. एखादं नवं खेळणं मिळावं तसा त्यांचा चेहरा झाला, आणि मग हळूहळू तो व्यापाऱ्याचा झाला.

"तो भूल कुणाची?" त्यांनी विचारलं.

फिटर, ऑपरेटर, रंगखात्यातले लोक हातातली कामं धरून उभे होते. मी काय बोलणार होतो ते आज मला नक्की सांगता येणार नाही. 'चुकीची जोडणी' म्हटलं असतं तर ते शब्दशः खरं होतं आणि सुकलाल घरी गेला असता. वैशंपायनसाहेबांना मी आधीच चित्र दाखवलं होतं असं म्हटलं असतं तर तेही खरं होतं, पण चारचौघांत मॅनेजरला उघडं पाडून मी ते गिऱ्हाईक गमावलं असतं, आणि त्यांनी नाही म्हटलं असतं तर माझ्याकडे साक्षीदार नव्हता. खरं बोलण्याच्या इतक्या गैरसोयीच्या तऱ्हा एकाच वेळी मला पूर्वी कधी सुचल्या नव्हत्या.

तेवढ्यात वैशंपायनसाहेब बोलले. आवाज झेंडावंदनाचाच होता. त्यांना दुसरा येत नसावा.

"नियम माझा आहे. सबनीसांनी मला ही जोडी कशी बसवायची ते चित्र काढून दाखवलं होतं. मी ते माझ्या टेबलावर ठेवलं, खाली येऊ दिलं नाही. बोरसेने नियम मोडला असता तर मीच त्याला घरी पाठवला असता. पाळला म्हणून कसा पाठवू?"

माझ्या मागचा, तो नवरीचा विनोद करणारा, एकदम पाना पुसायला लागला.

रमणिकभाईंनी वैशंपायनसाहेबांकडे पाहिलं, सुकलालकडे पाहिलं, मग बराच वेळ त्या पिवळ्या अक्षरांकडे पाहत राहिले. शेवटी म्हणाले, "आता भिंतीला तर नोटीस देता येत नाही." आणि खुर्चीवरून उठता उठता, "बोरसे, बसव. आ वखते, या वेळेला, बराबर."

डामडौलाच्या माणसांबद्दल माझं मत तेव्हाही बरं नव्हतं, आजही नाही. ज्याच्या भिंतीवर शब्द जास्त, त्याच्या शब्दाला वजन कमी, असा माझा आडाखा होता. त्या माणसाने तो माझ्यासमोर, आपल्याच हाताखालच्या लोकांच्या घोळक्यात उभं राहून मोडीत काढला. पुढे धंद्यात मला पुष्कळ हुशार मॅनेजर भेटले. आपल्या टेबलावर अडकलेल्या कागदाबद्दल असं बोलणारा दुसरा भेटला नाही. नियम मात्र त्यांनी पुसला नाही. पुढच्या खेपेला गेलो तर खाली नवी ओळ होती, तिन्ही भाषांत: जोडीचं बेरिंग असेल तर आधी विचारा. आणि विचारायला खोलीबाहेर उभं राहावं लागत नव्हतं. ते स्वतःच खाली येऊन पंपाशेजारी उभे राहायचे. कामगारांना त्याचा पहिल्यापेक्षा जास्त ताप झाला.

पण त्या दिवशी अजून जोडी बसायची होती. पहिलं बेरिंग बरोबरच बसलं होतं. सुकलालने दुसरं पुन्हा गरम केलं, आणि या वेळी ते उचलल्यावर त्याचे हात क्षणभर थबकले. नाव आपल्यापासून पलीकडे करणं त्याला जमत नव्हतं. एखाद्या सज्जन माणसाला देवळात चपला घालून शिरायला सांगितल्यावर तो पाहील तसं त्याने एकदा वैशंपायनसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. त्याने दुसऱ्याचं नाव पलीकडे, पहिल्याच्या नावासमोर केलं, माझ्याकडून तपासून घेतलं, जाड बाजूला जाड बाजू भिडलेली हाताने चाचपली, आणि मगच बेरिंगचं घर बंद केलं.

पंप सुरू झाला. पाणी बाहेर जायला लागलं. तो आवाज चांगलाच असणार होता, त्यामुळे कोणी कान दिला नाही. सगळे पंप उलटा फिरण्याची वाट पाहत होते. मी पेचकस सुकलालच्या हातात दिला. त्याने टोक टेकवलं, मूठ कानाला लावली. पंप थांबला, उलटा फिरायला लागला. सुकलाल तसाच वाकून ऐकत राहिला. पुन्हा सुलटा, पुन्हा उलटा. शेवटी त्याने मूठ कानावरून काढली आणि पेचकस वैशंपायनसाहेबांपुढे धरला. साहेबांनी बुशशर्टातली पेनं सांभाळत वाकून ऐकलं. त्यांना काहीच ऐकू आलं नाही. त्याइतकी चांगली बातमी बेरिंगच्या धंद्यात दुसरी नसते.

भांड्यात धागा भरायला लोक पांगले. सुकलालची पाळी संध्याकाळपर्यंत होती. मी लुना काढत होतो तेव्हा तो मागून आला.

"भाऊ, जाताना सामरवरणीला घरी एवढा निरोप देशाल? सकाळपासून तिने बांधाबांध लावलीय."

खोली सापडायला अवघड गेली नाही. दार उघडं होतं. भिंतीवरची फळी रिकामी, तिच्यावर भांड्यांच्या बुडांचे गोल डाग तेवढे राहिलेले. खाली दोन गोण्या तोंडं बांधून ठेवलेल्या. एकीवर सुकलालची बायको बसली होती, हातात सुतळीचं उरलेलं टोक घेऊन. मुली अजून शाळेतून यायच्या होत्या. मी कोण ते सांगितलं. बेरिंगवाला म्हटल्यावर ती उठून उभी राहिली.

"तुमच्याच बोलण्यावर होतं ना सगळं," ती म्हणाली. "काय ठरलं ते सांगून टाका भाऊ. लपवू नका."

मी सांगितलं की चूक त्याची नव्हती, हे साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलंय, शेठजींनी ऐकलंय, पंप चालू आहे, आणि सुकलाल पाळी संपवून नेहमीच्या वेळेला येईल. तिने दुसऱ्यांदा विचारलं, मी दुसऱ्यांदा सांगितलं. मग ती बराच वेळ त्या सुतळीच्या टोकाकडे पाहत राहिली, जणू एवढी सुतळी वाया गेली याचंच तिला वाईट वाटत होतं. डोळ्यांना पदर लावला, आणि एकदम आठवल्यासारखं म्हणाली, "बसा ना भाऊ. चहा टाकते."

कुठेही गेलं तरी चहाला आधी नको म्हणायची माझी सवय. मी नको म्हणणारच होतो.

"पण कप खाली आहेत," गोणीकडे बघत ती ओशाळून म्हणाली. "एकदम तळाला."

"टाका, वहिनी," मी म्हटलं आणि उंबऱ्यावर बसलो. "साखर जरा जास्त घाला."

तिने गाठ सोडली. आधी परात निघाली, मग तवा, पातेली, पाण्याचा तांब्या. एकेक वस्तू ती पदराने पुसून फळीवर त्याच्या त्याच्या गोल डागावर ठेवत गेली. शेवटी कप निघाले. साखरेचा डबा दुसऱ्या गोणीत होता.